चार अणूंची कडी

आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही मेडिकलवर जाऊन नुसतं "सिक्स ट्वेंटी फाईव्ह द्या" म्हटलं तरी दुकानदाराला कळतं काय पाहिजे ते. दाढ दुखली, घसा धरला, गळू झालं, ताप उतरत नाही, काहीही असो, ही गोळी घराघरात पोचलेली आहे. ह्या ६२५ मधले ५०० मिलिग्रॅम म्हणजे अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनच्याच घरातलं अँटिबायोटिक, आणि उरलेले १२५ म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. हे १२५ स्वतः जंतूला फारसं काही करत नाहीत. बऱ्याच जंतूंकडे एक एंझाईम (म्हणजे रासायनिक काम पटकन घडवून आणणारं प्रोटीन) असतं जे अमॉक्सिसिलिनला फोडून टाकतं, त्या एंझाईमला जाऊन अडकवून ठेवायचं एवढंच ह्यांचं काम, म्हणजे बाकीच्या ५०० ला जंतूपर्यंत धड पोचता येतं. त्या एंझाईमचं नाव बीटा-लॅक्टमेज, आणि शिकवणं, पेपर तपासणं, नॅकच्या फायली हे सगळं वजा करून माझ्या नोकरीत जो काही वेळ उरला तो सगळा ह्या एंझाईमच्या मागे गेला.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर झालेय. नातेवाईक, शेजारीपाजारी, अगदी कॉलेजातले सहकारीसुद्धा विचारायचे की मॅडम तुम्ही केमिस्ट्रीवाल्या, जंतूंचं तर मायक्रोवाल्यांचं काम ना? तेव्हा मी कागद घ्यायचे आणि पेनिसिलिनचा रेणू काढून दाखवायचे, कारण माझ्या मते ही सगळी भानगड मुळात केमिस्ट्रीचीच आहे.

पेनिसिलिनच्या मधोमध चार अणूंची एक कडी आहे, तीन कार्बन आणि एक नायट्रोजन. चार अणूंची कडी म्हटलं की कोन जवळजवळ ९० अंशांचे होतात, आणि कार्बनला ते सोसत नाही, त्याला १०९ किंवा १२० च्या आसपासचे कोन हवे असतात. त्यामुळे एरवी जो कार्बन-नायट्रोजनचा अमाइड बंध इतका टणक असतो (आपल्या अंगातली सगळी प्रोटीन्स त्याच्यावरच तर उभी आहेत) तो ह्या कडीत अडकला की कधीही उघडायला तयार असतो. १९४० च्या दशकात मोठमोठे केमिस्ट हे मानायलाच तयार नव्हते, एवढा ताण असलेली कडी निसर्गात बनेल कशी म्हणायचे, शेवटी डोरोथी हॉजकिन ह्या बाईंनी १९४५ मध्ये एक्स-रेने रेणूचं चित्रच काढून दाखवलं तेव्हा वाद मिटला. क्लासमध्ये ऑर्गॅनिक शिकवताना मी हॉजकिनबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे गेले नाही, विशेषतः मुली समोर बसलेल्या असायच्या म्हणून.

आता ही कडी जंतूला मारते कशी. जंतू आपल्याभोवती एक भिंत बांधत असतो आणि त्या भिंतीचे टाके घालायला त्याच्याकडे एक एंझाईम असतं. त्या एंझाईमच्या आत सेरीन नावाच्या अमिनो ॲसिडचा एक ऑक्सिजन असतो, तो भिंतीच्या धाग्याच्या टोकाला धरतो आणि टाका घालून सोडून देतो. पेनिसिलिन त्या टोकासारखंच दिसतं, म्हणून एंझाईम त्याला धरायला जातं, ताणलेली कडी पटकन उघडते आणि सेरीनला चिकटून बसते, ती काही केल्या सुटत नाही. तापीच्या गाळात बैलगाडीचं चाक रुतावं तसं ते एंझाईम तिथेच रुतून राहतं, भिंतीचं काम बंद पडतं आणि वाढता वाढता जंतू फुटतो. आणि बीटा-लॅक्टमेज? त्याच्याकडेही तसाच सेरीन, तीच पद्धत, तेच चिकटणं, फक्त त्याच्या आत बरोबर जागेवर पाण्याचा एक रेणू उभा असतो जो रुतलेलं चाक बाहेर काढून देतो. कडी उघडलेलं, निकामी झालेलं पेनिसिलिन बाहेर पडतं आणि एंझाईम पुढच्या रेणूला मोकळं. सेकंदाला हजाराच्या घरात रेणू फोडतं हे. म्हणजे ज्या एंझाईमला मारायला औषध बनलं त्याचाच कधीकाळचा भाऊबंद औषध खाणारा निघाला, ही दोन्ही प्रोटीन्स एकाच मूळ घराण्यातली आहेत हे त्यांच्या रचनेवरून दिसतं. हे पहिल्यांदा नीट समजलं त्या रात्री मला झोप आली नव्हती, खरंच सांगते.

आणि लोकांना वाटतं रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला न जुमानणं, हे अलीकडचं काहीतरी. फ्लेमिंगने बुरशी पाहिली १९२८ ला. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या मंडळींनी पहिल्या गंभीर पेशंटला, एका पोलिसाला, पेनिसिलिन दिलं ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. आणि पेनिसिलिन फोडणारं एंझाईम जंतूंमध्ये असतं हा ॲब्रहॅम आणि चेन ह्यांचा छोटासा रिपोर्ट नेचरमध्ये छापून आला १९४० मध्ये! म्हणजे पेशंट यायच्या आधीच एंझाईम हजर होतं. पुढे २०११ मध्ये कॅनडातल्या ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतूनही अशी जीन्स सापडली, तेव्हा ना मेडिकल होतं ना डॉक्टर. अँटिबायोटिकं मुळात मातीतल्या बुरशांनी आणि जंतूंनीच बनवलेली, तेव्हा त्यांच्यावरचा तोडगाही मातीतच असणार. आपण माणसांनी काय केलं तर ज्या मोजक्या जंतूंकडे तो तोडगा होता त्यांच्यासाठी सगळं रान मोकळं करून दिलं.

माती म्हटलं की मला घरचं आठवतं. आमचं गाव पारोळ्याकडचं, घरी अहिराणी, शेती कापसाची आणि थोडी लिंबाची झाडं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, फवारणीच्या वेळी औषधात एक छोटीशी पुडी टाकायचे, सहा ग्रॅमची. स्ट्रेप्टोसायक्लिन. कापसावरचे आणि लिंबावरचे जंतूंचे ठिपके जावेत म्हणून कॉपरच्या औषधाबरोबर ती मारतात, आजही कृषी केंद्रावर सगळ्यांना माहिती आहे. नाना म्हणायचे, "एवढीशी पुडी, टाकीभर पानीम्हा काय करी?" तेव्हा मलाही काही माहिती नव्हतं. नंतर एम.एस्सी.ला असताना कळलं की त्या पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आहे, म्हणजे टीबीवर जे पहिलं खरं गुणकारी औषध सापडलं तेच, आणि सोबत थोडं टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारी एंझाईम्सही असतात, ती कडी वगैरे फोडत बसत नाहीत, औषधाच्या रेणूला एक फॉस्फेट चिकटवून देतात की ते औषध जंतूच्या आत कुठे बसतच नाही. शेतीतून ही जोडी बंद करायचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ मध्ये काढला. मला विचाराल तर हे आधीच व्हायला पाहिजे होतं, पण त्याचबरोबर शेतकऱ्याला दुसरं काय मारायचं ते सांगायला पाहिजे होतं, नुसतं बंद करा म्हणून सांगणं हे ज्याच्या लिंबाची पानं गळताहेत त्याच्या उपयोगाचं नाही.

एम.एस्सी. मी पुण्याला केलं, तेव्हा जळगावची कॉलेजंही पुणे विद्यापीठालाच होती, जळगावचं आपलं विद्यापीठ झालं १९९० ला. पुण्यात असताना एकदा पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची फॅक्टरी पाहायला नेलं होतं. १९५४ साली उभी राहिलेली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, देशातली पहिली सरकारी अँटिबायोटिक कंपनी. ते भलेमोठे फर्मेंटर, तो उग्र आंबूस वास, आणि गाईड सांगत होता की पेनिसिलिनची एक बाजू कापून नुसता गाभा काढतात आणि त्याला नवीन बाजू जोडून ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन बनवतात. ती बाजू कापणारंही एक एंझाईमच, पेनिसिलिन ॲसायलेज, त्याच्यावर पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, बरंच काम झालेलं आहे. म्हणजे बघा, एक एंझाईम पेनिसिलिनचा एक बंध कापतं आणि त्यातून औषधांचा कारखाना चालतो, दुसरं त्याच रेणूतला दुसरा बंध कापतं आणि औषध संपतं. मधलं अंतर काही अणूंचं. त्या दिवशी बसमध्ये परत येताना मी ठरवलं की पुढे काही केलं तर ह्याच्यावर करायचं.

ठरवणं सोपं होतं. कॉलेजात लागल्यावर लॅबमध्ये होतं काय, ब्युरेट, पिपेट, दोन वॉटर बाथ आणि एक जुना कलरीमीटर. पीएचडी केली ती नोकरी सांभाळून आणि नंतर यूजीसीच्या फॅकल्टी इम्प्रूव्हमेंटची रजा घेऊन. परत आल्यावर मायनर रिसर्च प्रोजेक्टच्या पैशातून एक यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) आला तेव्हा कसं वाटलं ते सांगता येत नाही. पण मला आजही वाटतं की खरं काम त्याच्या आधीच सुरू झालं होतं, आयोडीन आणि स्टार्चवर. पेनिसिलिन अखंड असेल तर आयोडीनशी त्याचं काही देणंघेणं नसतं, पण कडी उघडली की जे पेनिसिलॉइक ॲसिड बनतं ते आयोडीन खायला लागतं. म्हणजे स्टार्च आणि आयोडीनच्या गडद निळ्या पाण्यात पेनिसिलिन टाकायचं, वरून जंतूचा अर्क टाकायचा, आणि निळा रंग विरत गेला तर समजायचं एंझाईम आहे. ही पद्धत १९५० च्या दशकापासूनची आहे आणि एफ.वाय.ची पोरगी सुद्धा करू शकते. मोठ्या लॅबमध्ये ह्यासाठी नायट्रोसेफिन वापरतात, पिवळ्याचं लाल होतं, फार सुंदर दिसतं, पण त्याची किंमत बघून आमच्यासारख्या कॉलेजने दोनदा विचार करावा.

जंतू आम्ही दवाखान्यातले कधीच घेतले नाहीत, तशी सोय आमच्याकडे नव्हती आणि सोय नसताना ते करूही नये. आम्ही घेतला मातीतला बॅसिलस सीरियस, मायक्रोच्या मॅडम त्यांच्याकडे वाढवून द्यायच्या. हा जंतू आपलं एंझाईम बाहेरच सोडतो, त्यामुळे सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घेतलं की त्यातच एंझाईम. आणि ह्याच जंतूत एक दुसऱ्या जातीचं बीटा-लॅक्टमेज आहे ज्याला सेरीन वगैरे काही लागत नाही, त्याला लागतं झिंक. हे १९६६ मध्ये सबाथ आणि ॲब्रहॅम ह्यांनी दाखवलं, हो तोच १९४० वाला ॲब्रहॅम, माणसाने अख्खं आयुष्य ह्या कामाला दिलं. तर आमच्या एस.वाय.च्या पोरांना पाण्याचा जडपणा काढायला इडीटीए, म्हणजे धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन, माहितीच असतं, टायट्रेशन करून करून हात दुखतात. तेच इडीटीए मी एंझाईममध्ये घालायला लावायचे. सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनसारखंच चार अणूंच्या कडीचं अँटिबायोटिक) फुटत असतं, २६० नॅनोमीटरवर यंत्राचं रीडिंग खाली खाली जात असतं, इडीटीए घातलं की रीडिंग जागच्या जागी थांबतं कारण झिंक काढून घेतलं गेलं. आणि मग वरून झिंक सल्फेट घातलं की परत खाली जायला लागतं! झिंक सल्फेट म्हणजे केळीला टाकतात तेच, रावेर-यावलची पोरं लगेच ओळखायची, "मॅडम हे तर आमच्या घरी पोतंभर आहे." ते रीडिंग थांबताना आणि परत सुरू होताना बघणाऱ्या पोरापोरींचे चेहरे मी बघत बसायचे, त्यातल्या काही आज फार्मा कंपन्यांत आहेत, काही शिक्षक आहेत, एकजण पीएचडी करून परदेशात ह्याच एंझाईमवर काम करतो.

मे महिन्याचं मात्र वेगळंच. एंझाईमचं रीडिंग ३७ डिग्रीला घ्यायचं असतं, सगळीकडे वॉटर बाथ गरम करावा लागतो, आमच्याकडे लॅबच ४२-४३ ला गेलेली असायची तर आम्ही बाथमध्ये बर्फ टाकून खाली आणायचो. बर्फाची लादी गावातल्या बर्फाच्या कारखान्यातून, शिपाई काका सायकलवर पोत्यात गुंडाळून आणायचे. वर लोडशेडिंग. फ्रीजमधलं एंझाईम वाचवायला आम्ही थर्मास भरून ठेवायचो, आणि ज्याच्या घरी लाईट असेल त्याच्याकडे थर्मास जायचा.

मग २०१० आलं. स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटला २००८ मध्ये दिल्लीला दवाखान्यात असताना लागलेल्या जंतूत एक नवीन झिंकवालं बीटा-लॅक्टमेज सापडलं होतं, त्याचं नाव ठेवलं एनडीएम-१, त्यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या इन्फेक्शनवरच्या मासिकात २०१० मध्ये भारत, पाकिस्तान, इंग्लंडमधल्या केसेस आल्या आणि आपल्याकडे एकच गदारोळ झाला, शहराचं नाव का दिलं म्हणून, मेडिकल टुरिझमची बदनामी म्हणून. राग मला समजत होता, पण मला धडकी भरली होती ती दुसऱ्याच गोष्टीने. हे एंझाईम कार्बापेनेम फोडतं, म्हणजे जी औषधं डॉक्टर सगळ्यात शेवटी काढतात ती. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड त्याला काहीच करू शकत नाही, कारण ते सेरीनला अडकवण्यासाठी आहे आणि इथे सेरीनच नाही. आणि त्याचं जीन प्लाझमिडवर, म्हणजे जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या वेटोळ्यावर, बसून एका जंतूतून दुसऱ्या जातीच्या जंतूत जातं. २०११ मध्ये दिल्लीतलं रस्त्याकडेला साचलेलं पाणी आणि नळाचं पाणी तपासलं तर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये ते जीन होतं. नळाच्या. जे एंझाईम मी इतकी वर्षं बॅसिलसच्या निरुपद्रवी वाटणाऱ्या अर्कात इडीटीएने बंद-चालू करत होते त्याच्याच गोतातलं एक आता आयसीयूत माणसं मारत होतं. त्यानंतर मी क्लासमध्ये तो प्रयोग घेताना पोरांना आधी हे सगळं सांगायला लागले.

२०१९ ह्या एका वर्षात जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट रेझिस्टंट जंतूंमुळे झाले असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटला आला. ह्या आकड्यात आपल्यासारखे भाग किती आणि कसे मोजले जातात हा प्रश्न मला नेहमी पडतो, कारण आमच्याकडे कल्चर सेन्सिटिव्हिटी (जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघणं) करायला सॅम्पल जिल्ह्याला किंवा नाशिकला जातं, रिपोर्ट येईपर्यंत औषध दोनदा बदललेलं असतं.

माझा एक विद्यार्थी मेडिकल चालवतो. त्याच्या दुकानात मी कधी कधी बसते. २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची सरकारी यादी आहे, त्यातल्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं, पेशंटचं नाव लिहायचं, तीन वर्षं जपायचं, तो हे नीट करतो. २०१६ पासून सरकारने स्ट्रिपवरच्या लाल रेषेची मोहीम चालवली, लाल उभी रेषा असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. तरी दिवसभर लोक येतात, चिठ्ठी नसते, रिकामी स्ट्रिप दाखवतात नाहीतर दोनच गोळ्या कापून मागतात. तो नाही म्हणतो आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. एक आजी एकदा म्हणाल्या, "दोन गोळ्या खाद्यात, बरं वाटनं, आते बाकीन्या कसाले?" आणि ह्या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षं देत आलेलं उत्तर, कोर्स अर्धा सोडला की रेझिस्टन्स येतो, तेवढंसं बरोबर नाही असं मला आता वाटतं. २०१७ मध्ये बीएमजे ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात काही डॉक्टरांनी हेच मांडलं की बऱ्याच साध्या इन्फेक्शनमध्ये जास्त दिवस औषध घेतल्यानेच रेझिस्टन्स वाढतो. एंझाईमच्या बाजूने पाहिलं तर ते पटतं, जितके दिवस औषध अंगात तितके दिवस पोटातल्या कोट्यवधी जंतूंमधून एंझाईमवालेच निवडले जाणार. टीबीची गोष्ट वेगळी, तिथे पूर्ण कोर्स घ्यायचाच, आणि किती दिवस घ्यायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं, स्वतःच्या मनाने नाही. पण खरा घोळ त्या उरलेल्या गोळ्यांचा कमी आणि पहिल्या दोन गोळ्यांचा जास्त आहे, कारण व्हायरलच्या तापाला, सर्दीला त्या लागतच नव्हत्या. आजींना मी हेच सांगितलं, आणि उरलेल्या गोळ्या नातवाला देऊ नका हेही सांगितलं.

मला कुणी विचारलं की एवढं करून तुमच्या हाती काय लागलं, तर नवीन औषध तर काही लागलं नाही. काही पेपर आहेत, छोट्या जर्नल्समधले. पण मी जे म्हणते ते हे की हे काम तालुक्याच्या कॉलेजात होऊ शकतं आणि व्हायलाच पाहिजे, कारण फवारणी इथे होते, चिठ्ठीशिवायची विक्री इथे होते. मोठी औषधं मोठ्या ठिकाणी बनोत, बनताहेतही, २०२४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं एनमेटाझोबॅक्टम, बीटा-लॅक्टमेजला अडकवणारं नवं औषध, हे चेन्नईच्या कंपनीने शोधलेलं आहे, त्या बातमीने मला फार आनंद झाला. एनडीएमसाठी ॲझट्रिओनाम आणि ॲव्हिबॅक्टमची जोडी आलीय, त्यातली केमिस्ट्री सुंदर आहे, ॲझट्रिओनामला झिंकवालं एंझाईम फोडू शकत नाही आणि जी सेरीनवाली फोडू शकतात त्यांना ॲव्हिबॅक्टम अडकवून ठेवतं. पण १९६० च्या दशकात अथेन्समध्ये सापडलेल्या टेम-१ नावाच्या एका बीटा-लॅक्टमेजचे आज दोनशेच्या वर प्रकार झालेत, आणि १९९४ मध्ये लॅबमध्ये त्याच्याच जीनचे तुकडे उलटसुलट जुळवून औषध सोसायची ताकद ३२,००० पट वाढवून दाखवली होती, तर नव्या जोडीलाही किती वर्षं मिळतील ते आपण ती कशी वापरतो ह्याच्यावर आहे.

ज्या शिक्षकांना वर्गात हे दाखवायचं असेल त्यांच्यासाठी बिनजंतूची कृती लिहून ठेवते, ह्यात एंझाईमचं काम सोडियम हायड्रॉक्साईड करतं. ॲम्पिसिलिनची एक कॅप्सूल पाण्यात नीट हलवा आणि गाळून घ्या. एका ट्यूबमध्ये त्यातलं दोन मिली घेऊन दोन मिली सोडियम हायड्रॉक्साईड (1N तीव्रतेचं) घाला, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग हायड्रोक्लोरिक ॲसिडने लिटमस लाल होईपर्यंत आणा. दुसऱ्या ट्यूबमध्ये तेवढंच ॲम्पिसिलिन आणि नुसतं पाणी. तिसरीत ॲम्पिसिलिन नाही, फक्त हायड्रॉक्साईड आणि ॲसिड. तिन्हीत स्टार्च-आयोडीनचं पातळ निळं पाणी सारखंच घाला आणि थांबा. पहिलीचा रंग जायला पाहिजे, बाकी दोघींचा राहायला पाहिजे. तिसरीचाही गेला तर ॲसिड कमी पडलंय, अल्कलीत आयोडीनचा रंग आपोआप जातो, पोरांना ते स्वतः शोधू द्या. आणि झाल्यावर दुसरी ट्यूब आणि उरलेलं ॲम्पिसिलिन तसंच बेसिनमध्ये ओतू नका, त्यात पण हायड्रॉक्साईड घालून रात्रभर ठेवा, सकाळी न्यूट्रल करा आणि मगच ओता.